जत्रेचं दारूकाम गाण्यावर बसवतोय, स्क्रीनवर जमतं पण मैदानात नाही

भुईनळा: राम राम मंडळी. आमच्या गावच्या जत्रेला शोभेचं दारूकाम असतं, लायसनवाले काका पिढ्यान्पिढ्या करतात. यंदा पोरांचा हट्ट की गाण्यावर पाहिजे, म्हणून मी महिनाभर फिनाले थ्रीडीवर (दारूकाम आधी स्क्रीनवर बसवून बघायचं सॉफ्टवेअर) डोकं लावून साडेचार मिनिटांचा शो बसवला, लॅपटॉपवर ढोलाच्या ठोक्याला बरोब्बर शेल (नळीतून वर जाऊन आकाशात फुटणारा गोळा) फुटतंय, अंगावर काटा येतो राव. काल काकांनी चार शेल उडवून बघितले तर सगळे उशिरा. सॉफ्टवेअर चुकतंय का मी?

गरनाळ: कोणीच नाही. बटण दाबल्यापासून शेल वर जाऊन फुटेपर्यंत ३ इंचीला अडीच सेकंदांच्या आसपास जातात, तेवढं सॉफ्टवेअर आधीच वजा करतं, त्यालाच प्रीफायर म्हणतात. पण तो आकडा त्याच्या लायब्ररीतल्या मालाचा, तुमच्या काकांच्या वातीचा त्याला काय पत्ता? मोबाईलवर व्हिडिओ काढा, उडाल्यापासून फुटेपर्यंतच्या फ्रेमा मोजा, ३० ने भागा (व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमांचा धरून). प्रत्येक साईजचं वेगळं मोजा आणि तोच आकडा टाका.

सांगलीकर: उभा कुठं होतास?

भुईनळा: देवळाच्या पायऱ्यांवर, साडेतीनशे मीटर तरी असेल. स्पीकर पण तिथंच.

सांगलीकर: मग धडाम एक सेकंद उशिराच येणार, आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. कानावर जाऊ नको, उजेड ठोक्यावर बसव. आणि स्पीकर पायऱ्यांवरच ठेव, उडवायच्या जागी नेलास तर गाणंच उशिरा पोचेल. आमच्याकडं कवठे एकंदला दसऱ्याला रात्रभर दारूकाम चालतं, तिथं लोकं ठोका बघायला येत नाहीत हा भाग वेगळा 😄

आपटबार: स्क्रीनवर धूर नसल्यासारखाच असतो हे कुणी बोललंच नाही. वारा पडला तर तिसऱ्या मिनिटाला नुसता पांढरा ढग दिसेल, मोठे शेल लागोपाठ लावू नका, मधे जमिनीवरचं काहीतरी घाला. आणि अंतर लॅपटॉपवर छान दिसतंय म्हणून माणसं जवळ आणू नका, अमेरिकेत शेलच्या दर इंचाला ७० फूट धरतात, म्हणजे ३ इंचीला २१० फूट. रात्री १० च्या आत उरका.

भुईनळा: मोजलं! ८८ फ्रेमा, म्हणजे २.९ सेकंद, सॉफ्टवेअरमधे २.४ होते. काकांना सांगितलं तर म्हणाले, मग मी कालच एक-दोन-तीन मोजत होतो की, तुझं लक्ष लॅपटॉपात.