बाबांचे हार्टचे रिपोर्ट मोबाईलवर कसे ठेवता?

ओवी_२३:
बाबांना ४ वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, एक स्टेंट आहे, इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते) आता ३५ टक्के आणि गोळ्या सारख्या बदलतात. फाईल इतकी फुगलीय की उघडली की कागद गळायला लागतात म्हणून सगळ्याचे फोटो काढून ठेवलेले. पण परवा रात्री दम लागला, इमर्जन्सीत नेलं तर डॉक्टर म्हणाले जुना ईसीजी आहे का, आणि मी आपली गॅलरीत वाढदिवसाचे फोटो सरकवत बसले, शेवटपर्यंत सापडला नाही. आता बरे आहेत. एखादं ॲप घ्यावं का?

रात्रपाळी:
कार्डियाकला नर्स आहे. ॲप कुठलंही घ्या, आधी वर काय ठेवायचं ते ठरवा. जुना ईसीजी एवढ्यासाठी मागतात की बऱ्याच हार्ट पेशंटचा ईसीजी बरं असतानाही वेडावाकडाच असतो, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) वगैरे, मग तो आधीपासूनचा की आजचा हे शेजारी शेजारी धरल्याशिवाय कसं कळणार. तर बरे असतानाचा एक ईसीजी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी), स्टेंट कुठल्या नळीत कधी टाकला ते कार्ड, चालू गोळ्या डोससकट, ॲलर्जी, रक्ततपासणीतलं शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं) आणि पोटॅशियम. बाकी ढीग खाली राहू दे. आणि फाईलच्या नावात आधी वर्ष मग महिना मग दिवस टाका, आपोआप ओळीने लागतात.

जुनीझडप:
यात एक भर. गोळी बंद झाली की यादीतून उडवू नका, कधी आणि का बंद केली ते लिहा. माझी बीपीची एक गोळी कोरड्या खोकल्यामुळे थांबवलेली, पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तीच वेगळ्या ब्रँडने लिहून दिली कारण माझ्या यादीत फक्त चालू गोळ्या!! पंधरा दिवस खोकलो तेव्हा ट्यूब पेटली. आयएनआरचंही (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) तेच, माझी हृदयातली मायट्रल झडप मेटलची, टार्गेट २.५ ते ३.५, पण नुसता आकडा लिहून उपयोग नाही, त्या आठवड्यात रक्त पातळ करायची गोळी किती मिलिग्रॅम चालू होती ते शेजारी पाहिजे.

कागदीवाघ:
ॲप ॲप करू नका हो. ३ वर्षं रोज बीपी भरलं, ते ॲपच बंद पडलं, सगळं पाण्यात. आधी बघा डेटा पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, नसेल तर हातच लावू नका. आणि बाबा एकटे असताना चक्कर आली तर तुमच्या फोनमधलं कोण बघणार? त्यांच्याच फोनवर मेडिकल आयडी (फोनमधलंच आजार, गोळ्या लिहायचं पान) भरा, लॉक न उघडता दिसतो. शिवाय पाकिटात एक कागद. हसा खुशाल.

ओवी_२३:
हसत नाहीये, कागद आजच करते. ताई, वजन रोज लिहायला सांगितलंय, पण बाबा कंटाळा करतात. ॲपमध्ये टाकलं तर डॉक्टरांना दिसतं ना?

रात्रपाळी:
मुद्दाम जोडून दिलेलं नसेल तर नाही दिसत. लोकांना वाटतं भरलं म्हणजे पोचलं. वजन सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. ३ दिवसांत २ किलोच्या वर चढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, लगेच फोन करायचा, दम लागेपर्यंत थांबायचं नाही. म्हणून तो आकडा रोज कुणीतरी बघणारं हवं, भरणारं कुणी का असेना.

ओवी_२३:
बघायचं काम माझ्याकडे. पाकिटातला कागद बाबा स्वतः लिहिणारेत, म्हणे तुझं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे.