अनुभव धागा : माणूस आणि यंत्र यांच्यामधलं संशोधन, नाशिकमधून

माणूस यंत्र कसं वापरतो, याच्या अभ्यासात करिअर करायचंय असं विचारणारी कॉम्प्युटरची मुलं वाढली आहेत. जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, काय करायचं आणि कुठे फसतं, तेवढंच.

शेतीची अ‍ॅप्स, निफाड-दिंडोरी

चाचणी द्राक्षबागेतच घ्या, तीही भर दुपारी. ऑफिसात नीट दिसणारी करडी अक्षरं उन्हात गायब होतात. 4.5:1 हे कॉन्ट्रास्टचं (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचं) किमान प्रमाण, पण बागेसाठी 7:1 धरा. फवारणीत हात ओले असतात आणि मोबाइलचा पडदा पाण्याच्या थेंबालाही बोट समजतो. त्यामुळे बटण 9 मिलिमीटरपेक्षा लहान नको (अँड्रॉइडच्या मापात 48 डीपी, साधारण तेवढेच). 'जतन करा'ला खेटून 'काढून टाका' ठेवणाऱ्याला तर दंडच करावा.

"समजलं का?" असं विचारूच नका. आलेल्याचं मन राखायला लोक "हो, मस्त आहे" म्हणणारच. त्यापेक्षा काम द्या : "लासलगावचा उन्हाळ कांद्याचा आजचा सरासरी भाव काढा." मग गप्प बसा. किमान, कमाल, सरासरी यांतला कोणता आकडा वाचला, बोट कुठे घुटमळलं, ते टिपा.

प्रयोग आणि मोजमाप

पडद्याच्या अ आणि ब अशा दोन मांडण्यांची तुलना असेल, तर 12 जणांपैकी सहांना आधी अ द्या, सहांना आधी ब. सगळ्यांना अ आधी दिली की हात बसतो आणि ब उगाच जलद ठरते. वेळ मोजताना "मनात येईल ते बोलत राहा" सांगू नका. बोलण्याने वेळच बदलतो.

पाच जणांवर चाचणी घेतली की अ‍ॅपमधले सुमारे 85% दोष सापडतात, हे नील्सन-लँडॉअर या संशोधकांचं 1993 चं गणित एकेक माणूस सरासरी 31% दोष गाठतो या हिशेबावर उभं आहे. दोष शोधायला ठीक. वेगाची तुलना त्यावर करू नका.

वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणाऱ्या, जॉन ब्रूक यांच्या एसयूएस प्रश्नावलीत 10 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5. विषम क्रमांकाला उत्तरातून 1 वजा, सम क्रमांकाला 5 मधून उत्तर वजा, बेरजेला 2.5 ने गुणा. गुण 0 ते 100 मध्ये येतात, सरासरी 68 च्या आसपास. ही टक्केवारी नव्हे. सम विधानं नकारार्थी असतात, त्यामुळे न वाचता सगळीकडे 5 ठोकणाऱ्याचे गुण बरोबर 50 येतात. असा कागद दिसला की बाजूला काढून तपासा.

कारखान्यातली यंत्रं, सातपूर-अंबड

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाई यंत्रावर सगळंच टचस्क्रीनवर नको. हातमोजे, कूलंट, तेल. सायकल स्टार्ट (काम सुरू) आणि फीड होल्ड (हत्याराची चाल थांबवणं) ही बटणं न बघता हाताला लागली पाहिजेत. इमर्जन्सी स्टॉप तर खरंखुरं लाल बटणच हवं.

प्रवेशाचं

एम.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा; आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. ब भागात चित्रं काढावी लागतात, कोडवाले तिथेच मार खातात. पीएच.डी. करायची असेल तर संख्याशास्त्र आधी पक्कं करा. पोर्टफोलिओत चकचकीत पडद्यांऐवजी एकच चाचणी नीट मांडा : काम काय दिलं, किती जण अडले, काय बदललं, पुन्हा किती अडले.