पेनाइन वे : क्रॉस फेलवरील धुके

उत्तर इंग्लंडमधून जाणाऱ्या पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर ठिकठिकाणी पाट्या असताना होकायंत्र कशाला, अशी शंका अनेकांना येते; तिचे उत्तर डफ्टन ते गॅरिगिल या गावांमधला टप्पा देतो. ग्रेट डन फेल या डोंगरावरील रडारचा भलामोठा पांढरा घुमटसुद्धा दाट धुक्यात जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि पुढे ८९३ मीटर उंचीच्या क्रॉस फेलचा माथा इतका रुंद व सपाट आहे, की उतार कोणत्या बाजूला आहे हे पायांना कळत नाही. माथ्यावरील दगडी आडोशाजवळच, म्हणजे हात गारठण्यापूर्वी, दिशा निश्चित करून उत्तरेकडे उतरावे. खालची जुनी वाट आडवी लागली की उजवीकडे वळावे; तिच्यावरच ग्रेग्ज हट हा निवारा आहे. मोबाइल जरूर न्यावा, मात्र गारठ्यात त्याची बॅटरी लवकर उतरते.