नवा मॅक्सिमा क्लॅम पूर्ण उघडत नाही: नेमके काय तपासावे?

निळेपाणी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या 300 लिटरच्या रीफ टाकीत (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) मी नुकताच एक लहान ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, म्हणजे महाशिंपल्याच्या (क्लॅमच्या) एका जातीचा शिंपला, आणला आहे. त्याची लांबी साधारण 5 सेंटिमीटर आहे. टाकी चांगली जुनी आणि स्थिरावलेली असून तिच्यात कठीण व मऊ असे दोन्ही प्रकारचे प्रवाळ व्यवस्थित वाढत आहेत. पाण्याचे आकडे असे आहेत: तापमान 26 अंश, खारेपणा 35 पीपीटी, अल्कॅलिनिटी 8.3 डीकेएच, कॅल्शियम 430, मॅग्नेशियम 1320. नायट्रेट चाचणीत दिसतच नाही आणि फॉस्फेट 0.01 च्या आसपास आहे. मासे म्हणजे क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग आणि एक कोरल ब्यूटी एंजल.

आणल्यावर सुरुवातीला त्याचे मँटल (कवचातून बाहेर पसरणारा रंगीत मांसल पडदा) छान पसरत होते. त्याला मी खडकाच्या वरच्या टोकाला ठेवले होते, पण रात्रीतून तो खाली वाळूवर पडलेला आढळला, म्हणून पुन्हा वर ठेवला. आता मँटल निम्मेच बाहेर येते, एका बाजूची कड आत ओढल्यासारखी दिसते आणि हाताची सावली पडल्यावर तो पूर्वीसारखा झटकन मिटत नाही. याआधीचा क्लॅमही काही आठवड्यांत असाच मंदावत गेला होता आणि शेवटी त्याचे पाणी आत घेणारे छिद्र सताड उघडे राहिले होते. आकडे तर चांगले दिसतात, मग चुकते कुठे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रवाळछंदी

तुमचे आकडे प्रवाळांसाठी उत्तम आहेत, परंतु नवा क्लॅम दगावतो तेव्हा कारण बहुधा आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाही, ते क्लॅमच्या कवचावर किंवा त्याच्या बुडाशी असते. आपण सगळेच रंगीत मँटलकडे पाहत बसतो. पाहायला हवे ते खालून.

कवचाच्या बिजागरीजवळ, तळाशी, एक फट असते. तिच्यातून क्लॅमचा पाय बाहेर येतो आणि त्या पायातल्या ग्रंथीतून निघणाऱ्या चिवट बिसल धाग्यांनी तो दगडाला धरून बसतो. दगडाला चिकटलेला क्लॅम कोणी ओढून काढला असेल, तर धागे तुटण्याऐवजी ती ग्रंथीच फाटते, आणि अशी जखम झालेला क्लॅम सुरुवातीला अगदी निरोगी दिसूनही पुढे हळूहळू खचत जातो. धागे तुटल्याचे काही नाही, ते पुन्हा येतात. म्हणून क्लॅम हलवायचाच झाला तर धागे दगडाच्या अगदी लगत धारदार पात्याने कापावेत, किंवा दगडासकट उचलावा. तुमच्या क्लॅमचा पाय शाबूत आहे की फाटून लोंबतो आहे, हे आधी पाहा. पाहताना त्याला पाण्याखालीच एखाद्या पारदर्शक डब्यात घ्या, म्हणजे हवेत उचलावे लागणार नाही.

तो खाली पडला हे मला तितकेसे काळजीचे वाटत नाही. पकड बसण्यापूर्वी क्लॅम कवच जोरात मिटून पाणी बाहेर फेकतो आणि त्या धक्क्याने सरकतो. बसवलेली जागा आवडली नाही की असे हमखास होते. मात्र दर वेळी उचलून पुन्हा वर ठेवल्यास त्याची सगळी शक्ती नवे धागे तयार करण्यातच जाते. एक खोलगट सपाट दगड घ्या, त्यात क्लॅम ठेवा, दोन्ही बाजूंना लहान तुकड्यांचा आधार द्या आणि तो दगड सध्या वाळूवरच राहू द्या. क्लॅमने दगड धरला की मग दगडच थोडा थोडा वर नेता येतो, क्लॅमला हात लावावा लागत नाही. शिवाय बुडाखाली दगड असला की वाळूतल्या किड्यांना त्या फटीतून आत शिरायला वाव राहत नाही.

प्रकाशाबाबतही हाच धीर हवा. मॅक्सिमा आणि क्रोसिया या जातींना भरपूर प्रकाश लागतो, 250 ते 400 पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचे माप) इतका देण्याकडे बहुतेकांचा कल असतो; डेरासा आणि स्क्वामोसा त्याहून कमी प्रकाशातही भागवतात. पण विक्रेत्याकडे मंद दिव्याखाली राहिलेल्या क्लॅमला पहिल्याच दिवशी टाकीच्या माथ्यावर बसवले, तर त्याच्या मँटलमधले सहजीवी शैवाल भाजून निघते आणि मँटल फिके पडते. दोनेक आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवलेला प्रकाश त्याला मानवतो.

आता तुमच्या आकड्यांमधली मला खटकलेली एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे शून्य नायट्रेट. क्लॅम आपले बहुतेक अन्न त्या शैवालाकडून मिळवतो आणि शैवालाला नायट्रोजन लागतो, जो क्लॅम पाण्यातल्या अमोनियम आणि नायट्रेटमधून घेत असतो. क्लॅमची पैदास करणाऱ्या केंद्रांमध्ये पिल्लांच्या पाण्यात मुद्दाम नायट्रोजनयुक्त खत मिसळले जाते, ते याचसाठी. पाणी अति स्वच्छ ठेवणाऱ्या टाकीत प्रवाळ तग धरतात आणि लहान क्लॅम मात्र उपाशी राहतो. फॉस्फेट शोषणारे माध्यम काही काळ बंद ठेवा, माशांना थोडे अधिक खाऊ घाला आणि नायट्रेट 2 ते 5 पीपीएमच्या दरम्यान सावकाश येऊ द्या.

भरतीरेषा

वरील मताशी मी सहमत आहे, पण दोन संशयित राहून गेले. पहिला म्हणजे कोरल ब्यूटी. सेंट्रोपायजी वंशातले हे छोटे एंजलफिश कित्येक महिने निमूट राहतात आणि एखादे दिवशी मँटलला चोच मारू लागतात. चोच मारली की क्लॅम मिटतो, वारंवार मिटत राहिला की त्याच्या शैवालाला प्रकाश मिळत नाही, आणि तुम्ही समोर उभे असताना मासा काहीच करत नसल्यामुळे हे तुमच्या लक्षातही येत नाही. मोबाइल टाकीसमोर ठेवून तासाभराचे चित्रीकरण करा. सगळे उघड होईल.

दुसरा संशय पिरॅमिडेला गोगलगायींचा. या तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढऱ्या, टोकदार गोगलगायी दिवसा क्लॅमच्या बुडाशी दडून राहतात आणि रात्री कवचाच्या कडेपर्यंत चढून सोंड मँटलमध्ये खुपसून रस शोषतात. एकेक गोगलगाय क्षुल्लक वाटते, पण त्यांची संख्या फार वेगाने वाढते आणि लहान क्लॅम त्यापुढे टिकत नाही. दिवे गेल्यानंतर दोन-तीन तासांनी विजेरी घेऊन पाहा. कवचावरच्या पापुद्र्यांच्या खाचांमध्ये बारीक, पारदर्शक, चिकट ठिपके दिसले तर ती त्यांची अंडी समजावीत.

निळेपाणी

दोघांचेही मनापासून आभार. पाय शाबूत आहे. डब्यात ठेवल्यावर तो पांढुरका पाय फटीतून बाहेर काढून चाचपडताना स्पष्ट दिसला. चित्रीकरणात एंजल त्याच्या जवळून जातो, पण चोच मारत नाही. मात्र रात्री विजेरीने पाहिले तेव्हा जिथे मँटलची कड आत ओढलेली दिसते, नेमक्या त्याच बाजूला, कवचाच्या काठावर पांढऱ्या गोगलगायी रांगेने बसलेल्या आढळल्या, आणि बिजागरीजवळच्या खाचेत चिकट ठिपकेही आहेत. आता औषध वापरावे का? गोड्या पाण्यात बुडवण्याचा उपायही मी वाचला आहे. आणि तो अशक्त झाला आहे, तर फायटोप्लँक्टन द्यावे का?

भरतीरेषा

औषध मुळीच नको. तांबे असलेले कोणतेही औषध क्लॅमला आणि टाकीतल्या इतर अपृष्ठवंशी जिवांना मारक ठरते. या गोगलगायींवर हातानेच उपाय करावा लागतो. टाकीतलेच पाणी एका भांड्यात घ्या, क्लॅम त्यात ठेवा आणि मऊ दातघासणीने कवच बाहेरून नीट घासा, विशेषतः पापुद्र्यांच्या खाचा आणि बुडाच्या फटीभोवतीचा भाग. फक्त पायाला घासणी लागू देऊ नका. ते पाणी टाकीत परत ओतू नका. अंड्यांतून नवी पिल्ले निघतच राहतात, त्यामुळे हे दर काही दिवसांनी करावे लागेल, आणि रात्रीच्या पाहणीत अनेक आठवडे एकही गोगलगाय दिसली नाही तरच काम संपले म्हणता येईल. क्लॅमखालचा दगडही बाहेर काढून तपासा. सिक्सलाइन रॅस हा मासा या गोगलगायी टिपतो, परंतु बुडाखाली दडलेल्या त्याला सापडत नाहीत, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

गोड्या पाण्याचा उपाय वेगळ्या आजारासाठी आहे. मँटल चिमटीत धरल्यासारखे आखडते, त्याला चुण्या पडतात आणि गोगलगाय मात्र कुठेच सापडत नाही, अशा वेळी सूक्ष्म परजीवीचा संशय घेऊन काही जण तापमान आणि पीएच टाकीशी जुळवलेल्या आरओ पाण्यात क्लॅमला 20 ते 30 मिनिटे ठेवतात. तुमच्याकडे कारण डोळ्यांसमोर आहे, तेव्हा अशक्त क्लॅमला हा जादा ताण देऊ नये असे मला ठामपणे वाटते.

प्रवाळछंदी

फायटोप्लँक्टनबद्दल मी सांगतो. क्लॅम पाणी गाळून सूक्ष्म कण खातो हे खरे आहे आणि थोडे फायटो दिल्याने नुकसान होत नाही, पण त्याने प्रकाशाची किंवा नायट्रोजनची उणीव भरून निघत नाही. 5 सेंटिमीटरच्या क्लॅमला फायटोशिवाय जगताच येत नाही असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. चांगला प्रकाश आणि माशांनी भरलेली टाकी असेल तर ते मला पटत नाही. द्यायचेच असेल तर ताजे, थोडे आणि स्किमर (पाण्यातला मळ फेसावाटे काढणारे यंत्र) तासभर बंद ठेवून द्या. ज्या शिंपल्यात सहजीवी शैवाल नसते, उदाहरणार्थ दुकानात भुरळ घालणारा इलेक्ट्रिक क्लॅम, त्याचे सगळे जगणे या गाळून मिळणाऱ्या अन्नावर असते आणि म्हणूनच तो घरच्या टाकीत काही महिन्यांत उपासमारीने मरतो. तो विकत घेण्याच्या मोहात पडू नका.

गोगलगायी गेल्यावर सुधारणा कशी ओळखायची, तर मँटलकडे पाहून नव्हे, कवचाच्या वरच्या काठाकडे पाहून. तिथे जुन्या, शैवालाने माखलेल्या कवचाच्या वर नव्या कवचाची शुभ्र, स्वच्छ पट्टी दिसू लागली की तो वाढीला लागला असे समजावे. सावलीला मिळणारा प्रतिसाद हीदेखील चांगली खूण आहे, कारण मँटलच्या कडेवर शेकडो सूक्ष्म डोळे असतात आणि सशक्त क्लॅम त्यांच्या जोरावर लगेच मिटतो. वेव्हमेकरचा (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा) झोत थेट त्याच्यावर येत असेल तर तो वळवा. मँटल हलके हलावे, उलटे दुमडू नये.

आणि पुढचा क्लॅम आणाल तेव्हा तो मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी घासून, चांगला प्रकाश असलेल्या वेगळ्या लहान टाकीत काही आठवडे ठेवा आणि रात्री विजेरीने तपासत राहा. आधीचा क्लॅम ज्या खडकावर होता त्या खडकाचीही तपासणी आताच करून घ्या, कारण या गोगलगायी बहुधा तिथूनच या नव्या क्लॅमपर्यंत पोहोचल्या असाव्यात.