फेडरल तपास यंत्रणांमध्ये इंटर्नशिप आणि पहिली नोकरी: तुमचे अनुभव

मंडळी, अमेरिकेतल्या आपल्या घरांत मेडिकल किंवा सॉफ्टवेअरचं विचाराल तर दहा जण सांगायला पुढे येतात. पण लेकीने ‘मला एफबीआयमध्ये (अमेरिकेच्या केंद्रीय गुन्हे तपास यंत्रणेत) जायचंय’ म्हटलं की घर गप्प होतं, कारण त्या वाटेने गेलेला काका-मामा कुणालाच नसतो. म्हणून या वाटेवर असलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना लिहायचा आग्रह केला. एफबीआयसाठी अमेरिकन नागरिकत्व लागतंच, ग्रीन कार्ड चालत नाही. कामाचा तपशील कुणीही लिहू नये, ही विनंती सगळ्यांनी पाळली आहे.

ॲशबर्न, व्हर्जिनिया (कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी)

मी एफबीआयची ऑनर्स इंटर्नशिप केली. उन्हाळ्यातले १० आठवडे, पगारी. जीपीए (४ पैकी सरासरी गुण) किमान ३.० लागतो आणि अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो, कारण निवड झाल्यावरही पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी), ड्रग टेस्ट आणि बॅकग्राउंड तपासणी यांत महिने जातात.

खरी कसोटी ‘एसएफ ८६’ या सुरक्षा तपासणीच्या फॉर्मची. गेल्या १० वर्षांत कुठे राहिलात ते सलग द्यायचं, मध्ये एक महिनाही रिकामा नको. हॉस्टेलची खोली, उन्हाळ्यातलं सबलेट, सगळं. परदेशी प्रवास गेल्या ७ वर्षांचा. परदेशातल्या ज्या माणसांशी जवळचा आणि नेहमीचा संबंध आहे त्यांची नावं, पत्ते, जन्मतारखा, नोकरी. इथे आमचं घर आठवडाभर कामाला लागलं. साताऱ्याच्या आजीशी मी दर रविवारी बोलते, म्हणजे ती आलीच. तिची जन्मतारीख कुणालाच नक्की माहीत नाही, ‘आषाढी एकादशीच्या पुढेमागे’ एवढंच. तिथे अंदाजे तारीख घालून ‘अंदाजे’ची खूण करता येते. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणजे परदेशी सरकारचा नोकर! तेही स्वच्छ लिहिलं.

आईची गंमत वेगळीच. लग्नात तांदळात अंगठीने लिहून तिचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. फॉर्ममध्ये आईची आधीची नावं विचारतात, ती सगळी भरली. चौकशी करणाऱ्या बाईंनी ही पद्धत नीट ऐकून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला. भारतात नातेवाईक असणं हा दोष नाही, लपवणं हा दोष आहे. माझं कळकळीचं सांगणं: कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पत्ते, घरमालकांचे फोन, प्रवासाच्या तारखा एका वहीत लिहीत जा.

एडिसन, न्यू जर्सी (एका मुलाची आई)

गांजाबद्दल घरात मोकळेपणाने बोला. आपल्या राज्यात तो कायदेशीर आहे, फेडरल कायद्यात नाही. एफबीआयच्या नियमाप्रमाणे अर्जाच्या आधीचं एक वर्ष त्याला हात लावलेला चालत नाही. आणि आधी कधी घेतला असेल तर तसं सांगायचं. फेडरल अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटं बोलणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलं आपल्याला घाबरून लपवतात आणि मग तीच सवय फॉर्मवर उतरते. ते भय आपणच काढायचं.

नेपरविल, इलिनॉय (अकाउंटिंग, शेवटचं वर्ष)

सगळ्यांच्या तोंडी एफबीआयच असतं, पण आयआरएसचा, म्हणजे केंद्रीय कर खात्याचा, गुन्हे तपास विभाग कुणी बघत नाही याची मला हळहळ वाटते. १९३१ मध्ये कुख्यात गुंड अल कपोन अडकला तो खुनाच्या नाही, करचुकवेगिरीच्या खटल्यात, तोही आमच्या शिकागोत. हा विभाग कॉलेजांमध्ये ‘एड्रियन प्रोजेक्ट’ नावाचा एक दिवसाचा सराव घेतो. विद्यार्थीच एजंट होतात, साक्षीदारांना प्रश्न विचारतात, पाळत ठेवतात, बँकेचे कागद जुळवतात. माझ्या गटाने एका खोट्या दुकानदाराचा खर्च त्याच्या जाहीर उत्पन्नाशी ताडून पाहिला आणि आकडे जुळेनात, तेव्हाच मी ठरवलं की हेच करायचं. यांच्या एजंटसाठी अकाउंटिंगचे १५ सेमिस्टर तास आणि फायनान्स, अर्थशास्त्र, कर कायदा अशा विषयांचे आणखी ९ लागतात. प्रशिक्षण जॉर्जियातल्या ग्लिन्को इथे होतं. विषय निवडतानाच हे लक्षात ठेवा, शेवटच्या वर्षी धावपळ होते.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया (लॉ स्कूल)

मी फेडरल सरकारी वकिलांच्या कार्यालयात उन्हाळा काढला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तिथे बहुधा पगार मिळत नाही, राहण्याखाण्याची सोय आधी बघा. न्याय विभागाची आणखी एक अट: गेल्या ५ वर्षांपैकी ३ वर्षं अमेरिकेत वास्तव्य. शाळेसाठी पुण्याला जाऊन परतलेल्या नागरिक मुलांनी ही अट आधी तपासावी.

ऑस्टिन, टेक्सास (एक वडील)

सायबरसुरक्षा शिकणाऱ्यांसाठीच्या सरकारी सायबरकोर शिष्यवृत्तीत फी भरली जाते, वर पदवीच्या मुलांना वर्षाला २७,००० डॉलर मिळतात. बदल्यात जितका काळ शिष्यवृत्ती, तितकाच काळ सरकारी नोकरी. ती नाही मिळाली तर रक्कम कर्ज होऊन मानेवर बसते. जानेवारी २०२५ च्या फेडरल सरकारी भरतीबंदीनंतर अनेक मुलांची झोप उडाली. राष्ट्रीय सुरक्षेच्या जागांना त्यातून सूट होती, पण मुलांना जागा सापडायला हव्यात ना! घ्या जरूर, पण करार वकिलाला दाखवून.

रॉकविल, मेरीलँड (पदवीनंतर नोकरीत)

इंटर्नशिप संपली की लगेच एजंट होता येत नाही, हे मुलांना उशिरा कळतं. एफबीआयच्या स्पेशल एजंटला वय किमान २३ लागतं, पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो (वरची पदवी असेल तर एक), आणि नेमणूक सदतिशीच्या आत. त्या मधल्या काळात ॲनालिस्ट, अकाउंटंट, भाषातज्ज्ञ अशी कामं करता येतात. मी तेच करतोय. पुशअप्स, ३०० मीटर आणि दीड मैल धावण्याची तयारी मात्र आतापासून चालू आहे.

यूएस मार्शल्स, सीक्रेट सर्व्हिस, पोस्टल इन्स्पेक्शन, नॅशनल पार्कचे रेंजर यांतलं अजून कुणीच लिहिलेलं नाही. तुमच्या घरात कुणी असेल तर त्यांच्या परवानगीने लिहा, पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज भरायच्या आत.