रोहिंग्यांचं रेशन साडेबारा डॉलरवरून थेट 6? यूएनकडे पैसा नसतो का?

टपरीवरचा_कटिंग: मार्च 2025 ची बातमी आत्ता वाचनात आली. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या कॅम्पमधे, म्हणजे बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला, डब्ल्यूएफपी (यूएनची अन्न पुरवणारी संस्था) माणशी महिना साडेबारा डॉलरचं रेशन देत होतं, ते एप्रिलपासून 6 डॉलर करणार अशी नोटीस निघाली. 6 डॉलर म्हणजे दिवसाला सतरा रुपये, त्यात तिन्ही वेळचं खाणं! मग महिनाअखेरीस कुठूनतरी पैसे आले आणि 12 वर टिकलं म्हणे. दहा लाख लोकांचं जेवण असं आयत्या वेळी ठरतं? सगळे देश यूएनला वर्गणी भरतात ना?

गोदाकाठ: भरतात, पण ती सक्तीची वर्गणी यूएनचं ऑफिस आणि शांतिसेना यांच्यासाठी. डब्ल्यूएफपी, निर्वासितांची यूएनएचसीआर, युनिसेफ हे जवळपास सगळं ऐच्छिक देणग्यांवर चालतं, दिली तर दिली. दरवर्षी यूएन आकडा काढतं आणि झोळी घेऊन फिरतं. 2025 साठी 47 अब्ज डॉलर मागितले होते, 19 कोटी लोकांसाठी. जूनमधे तो आकडा 29 अब्ज आणि 11 कोटी 40 लाख लोकांवर आणला. बाकीच्यांची गरज संपली म्हणून नाही हां, पैसे येणार नाहीत हे दिसलं म्हणून. आणि वर्षाअखेर हातात आले जेमतेम 12 अब्ज.

निवांत_नागपूर: त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा आधी साधारण 40 टक्के असायचा. ट्रम्पनी जानेवारी 2025 मधे परदेशी मदत गोठवली आणि 1 जुलैला यूएसएड, म्हणजे ही मदत वाटणारी त्यांची सरकारी संस्था, बंदच झाली. ब्रिटननेही राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्के मदत 2027 पर्यंत 0.3 वर आणायचं ठरवलंय, वाचलेला पैसा संरक्षणाला. 0.7 टक्के द्यायचं उद्दिष्ट 1970 पासून कागदावर आहे, नॉर्वे-स्वीडनसारखे मोजके देश सोडले तर पाळतं कोण. शिवाय आलेल्या पैशातला बराचसा 'याच देशात, याच कामासाठी' असा बांधून येतो, म्हणजे एकीकडे पैसा पडून आणि दुसरीकडे गोदाम रिकामं.

स्पष्टच_बोलतो: ते सगळं ठीके पण अर्धा पैसा साहेब लोकांच्या लँड क्रूझर आणि कन्सल्टंटवर जातो त्याचं काय? कपात झाली तर जरा शिस्त तरी येईल.

किनाऱ्याकडची: @स्पष्टच_बोलतो, गाड्यांबद्दल भांडणार नाही, काही ठिकाणी खरंय ते. पण कपात गाडीपासून सुरू होत नाही हो, ताटापासून होते. मी कॉक्स बाजारला एका संस्थेत होते. कॅम्पातलं दुकान म्हणजे बांबू-ताडपत्रीचं, कुटुंबाने कार्ड दाखवायचं, बोट टेकवायचं, मग शिल्लक दिसते तेवढ्यात तांदूळ, डाळ, तेल, अंडी, सुकी मासळी काय ते घ्यायचं. 2023 मधे 12 डॉलरचे आधी 10 आणि मग 8 झाले तेव्हा बायका काउंटरवर उभ्या राहून एकेक वस्तू परत करायच्या, आधी मासळी, मग अंडी, तांदळाला हात लावायचा नाही. आणि बाहेर जाऊन कमवा म्हणावं तर बांगलादेश कामाची परवानगी देत नाही, भोवती काटेरी कुंपण. म्हणजे कार्डावर जे आहे तेच उत्पन्न.

निवांत_नागपूर: सुदानचंही तेच, अमेरिकेचे पैसे थांबल्यावर राजधानी खार्टूममधे युद्धात अडकलेल्यांसाठी गल्लीतल्या पोरांनी चालवलेली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली, आणि तिथे तर साहेब लोक नव्हतेच.

टपरीवरचा_कटिंग: बापरे. मग भारत काय देतो? आणि आखाती देश?

गोदाकाठ: भारत थेट देतो, यूएनच्या झोळीत फार नाही. 2022 मधे 40,000 टन गहू पाकिस्तानातून अफगाणिस्तानला पाठवला, न्यायला अफगाण ट्रक पंजाबातल्या अटारी सीमेवर आले होते, तिकडचं वाटप मात्र डब्ल्यूएफपीनेच केलं. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या यूएनआरडब्ल्यूएला दरवर्षी 50 लाख डॉलर जातात. आखाती देश देतात, पण एका वर्षी भरभरून, पुढच्या वर्षी हात आखडता. त्या भरवशावर सहा महिन्यांचा तांदूळ कोण बुक करणार?

स्पष्टच_बोलतो: मग शांतिसेनेसारखी सक्तीची वर्गणी लावा ना यालाही.

गोदाकाठ: लावायला मतदान कोण करणार, तेच देणारे देश. आणि सक्तीची वर्गणीसुद्धा अमेरिका थकवतेच की.