तूर शोधायला गेलो, लातूर सापडलं
भाऊ, कप्प्यात 'तूर' किंवा 'सोयाबीन' असेल तर 'खरीप' लिहायचं, हे तुमचं एक्सेलमधलं सूत्र का अडतंय ते दिसतंय. ऑरमध्ये (OR, म्हणजे 'किंवा') एकदाच 'अ२ बरोबर तूर' (अ२ म्हणजे A2 हा कप्पा) लिहून पुढं नुसतं 'सोयाबीन' टाकलं तर एक्सेल चूक दाखवतं. प्रत्येक शब्दामागं 'अ२ बरोबर' पुन्हा लिहावं लागतं.

पण 'बरोबर' म्हणजे अख्खा मजकूर तोच हवा. आडतीच्या वहीतून उतरवलेल्या नोंदी 'तूर, उदगीर, ४० कट्टे' अशा असतात. तिथं फाइंड (FIND, मजकुरात शब्द कुठं आहे त्याचा आकडा देतं) वापरा आणि त्याला इझनंबरमध्ये (ISNUMBER, आकडा मिळाला का ते सांगतं) गुंडाळा. न गुंडाळल्यास शब्द सापडला नाही की फाइंड चूक देतं आणि ती चूक सगळं ऑर खाऊन टाकते. सर्चही (SEARCH) चालतं, पण ते लहान-मोठी एबीसीडी सारखी धरतं; देवनागरीत ती भानगडच नाही.

आता खरी गंमत. 'हरभरा, लातूर' हीसुद्धा खरीप झाली! हरभरा रब्बीचा. 'लातूर'मध्ये 'तूर' आहेच की. अर्धा दिवस मी सूत्रालाच शिव्या देत होतो. उपाय साधा: सूत्रात अ२ च्या आधी एक रिकामी जागा (स्पेस) जोडा आणि 'तूर'ऐवजी रिकाम्या जागेसह ' तूर' शोधा.

दोन्ही अटी हव्या असतील, म्हणजे तूर आणि उदगीर, तर ऑरच्या जागी अँड (AND, म्हणजे 'आणि'). आणि कुणी 'तुर' असं ऱ्हस्व लिहिलं असेल तर तीही अट ऑरमध्ये घाला. आमच्याकडं निम्म्या नोंदी तशाच होत्या.